ह्याच स्वरूपात ठेवायचं?

खानापुरात, तहसील कचेरीसमोरच्या बोळात माझं दुकान.
टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन.
पाटीवर वर कानडी, खाली मराठी,
लॅमिनेशन दोन्हींत चुकलेलं.

दुपारी रुक्माण्णा आला, कौल सोसायटीचा सेक्रेटरी.
पेनड्राइव्ह तंबाखूच्या पिशवीत, चुन्याच्या डबीशेजारी.
"जुना अहवाल हाय. ऑफिसनं मागितलाय, दोन्ही भाषांत.
सातेरीमामानं टाइप केलेला."

सातेरीमामा जाऊन सहा वर्षं झाली.
त्याचा फॉन्ट त्याच्याच मशीनवर होता
आणि मशीन भंगारात गेलं, किलोच्या भावानं.

माझ्याकडे फुकटचं ऑफिस आहे.
मुल्लांच्या तौसीफनं घालून दिलं, म्हणाला,
"वैनी, चोरीचं कशाला, हे सगळ्यांचं आहे,
सगळ्यांच्या फायली उघडतं."
उघडतं. खोटं का बोलू.
उघडतं, आणि मग आपण बघत बसायचं
काय काय जागचं हललंय ते.

फाईल उघडली.
पडद्यावर टोपीवाले ए, शेपटीवाले सी,
उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच एक पौंड.
"काय येऊलंय गा हे?" रुक्माण्णा खुर्ची ओढून जवळ आला.
मी सांगितलं, त्या काळी अक्षरं आतून इंग्रजीच असायची,
वरून फॉन्टचा मुखवटा चढवायचा.
मुखवटा नाही, म्हणून हे असं.

त्यानं चष्मा पुसला. पहिलं पान बघितलं, मग दुसरं.
"ह्यातलं मराठी कुठलं नि कानडी कुठलं?"

मला सांगता आलं नाही.
एकवीस वर्षं ह्या बोळात बसून
दोन्ही लिप्या बोटांत आहेत माझ्या,
आणि मला सांगता आलं नाही.
वाचता येत होते फक्त आकडे.

तौसीफला फोन. दोन फॉन्ट आले, एक बदलायचं यंत्र आलं.
चार वाजेपर्यंत मराठी पान मराठी झालं,
म्हणजे बहुतेक झालं:
'वार्षिक'चा रफार जाऊन 'क'वर बसला,
प्रत्येक 'क्ष'च्या जागी रिकामी चौकट,
आणि अकरा पानांचा अहवाल चौदाचा झाला.
कानडी पानावर ओत्तक्षरं अक्षरांखालून निसटून
ओळीत येऊन उभी राहिलेली.

मी एकेक उचलून जागेवर ठेवत होते.
रुक्माण्णा म्हणाला, "आमच्या जुन्या भट्टीचं कौल
मंगळुरी कौलाच्या ओठात बसत नाही.
साचा वेगळा.
पण वादळानं अर्धं छप्पर नेलं, तवा जे मिळालं ते घातलं,
मधल्या फटीत खापऱ्या ठोकल्या."
"मग? बसलं?"
"बसलं की. दोन ठिकाणी गळतंय.
तिथं पातेलं ठेवतो."

साठवायला गेले तर प्रोग्रामनं नेहमीचं विचारलं:
ह्या स्वरूपात काही गोष्टी जतन होणार नाहीत कदाचित.
तरी ह्याच स्वरूपात ठेवायचं?
काय हरवेल ते तो कधी सांगत नाही.
रोज विचारतो, रोज मी हो म्हणते,
ऑफिसला त्यांचंच स्वरूप लागतं.
आज एक प्रत त्यांच्या स्वरूपात ठेवली,
एक ह्या फुकटच्याच्या,
आणि ती दुसरी कुणी मागितली नव्हती.

छापताना तक्त्याची शेवटची ओळ घसरली.
चौदाव्याचं पंधरावं पान,
त्यावर एकटी बेरीज.

"राहू दे तिथंच," रुक्माण्णा म्हणाला.
"बरोबर हाय न्हवं?"

मी कॅल्क्युलेटर घेतला.
चाळीस रुपये कमी पडत होते.
पुन्हा केली. चाळीसच.
म्हटलं, फाईल बदलताना एखादा आकडा गळाला असेल.
रुक्माण्णानं कागद डोळ्यांजवळ नेला,
बराच वेळ धरला,
मग हसला, तंबाखू सांभाळत.

"तवाबी चाळीसच कमी होते.
सभेचा चहा त्यो.
सातेरीमामा म्हणाला हुता, चहा कुठल्या रकान्यात घालू?"